आक्काच्या गालावरची कपची

आक्का, येळवस, तुमच्याकडची ती शेतात जेवायची अमावस्या, होऊन गेली. तू बोलावलं होतंस म्हणून मी आले. शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर एस.टी.तून उतरले आणि हात आपोआप पर्समध्ये गेला. 'उतरले गं' म्हणून तुला फोन करायचा असतो ना. फोन बाहेर काढून मी तशीच उभी राहिले. मग भाऊजी मोटारसायकल घेऊन आले आणि आम्ही दोघं तुझ्या घरी गेलो.

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. लोक भेटायला येतात, चहा घेतात आणि एकच वाक्य बोलतात, "लई हसतमुख बाई होती." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडू आलं. मग ते इतक्यांदा ऐकलं की चीड यायला लागली. आता वाटतं, हे वाक्य म्हणणाऱ्या प्रत्येकाला बसवून घ्यावं आणि विचारावं की बाबा, तुम्ही तिला न हसताना कधी बघितलंत का? लहानपणी तू मला चौकशी-हापीस म्हणायचीस. ते हापीस अजून उघडं आहे, फक्त उत्तर देणारं माणूस निघून गेलं आहे.

आपलं भांडणही अर्धं राहिलं. फोनवर मी किती ओरडले होते तुझ्यावर. माझी प्रज्ञा, तुझी लाडकी भाची, पुण्यात नोकरी करते, उन्हाळ्यात तिचं लग्न आहे, आणि लग्नाआधी तिला गालावर खळी करून घ्यायची आहे. ऑपरेशन करून. डॉक्टर ठरला, तारीख ठरली, मग मला सांगितलं. मी तिला काय काय बोलले ते तुला माहीत आहे, तिने लगेच तुला फोन करून चुगली केली असणार. शेवटी मी म्हटलं, आता आक्काच हिला वळणावर आणील. तुझ्याइतका हक्क या विषयावर बोलायचा दुसऱ्या कुणाला आहे? आणि तू काय म्हणालीस?

"करू दे की."

"करू दे? आक्का, तू म्हणतेस हे?"

"लई मनाला लावून घेऊन राहिलीस तू. तिचा गाल हाय."

मी फोनवर फाडफाड बोलत सुटले. तुझ्या गालावरची जी जखम लपवता लपवता मायचा जन्म गेला, जिच्यापायी तुझं स्थळ मोडलं, ती ही पोरगी पैसे मोजून करून घेणार, आणि तू करू दे म्हणतेस. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "येळवशीला ये. शेतात बसून सांगते." मी रागात फोन ठेवला. त्यानंतर आठवडाभरातच भाऊजींचा फोन आला की तुझ्या छातीत दुखलं आणि लातूरला नेईपर्यंत तू राहिली नाहीस.

काय सांगणार होतीस तू? हे मला कळायलाच हवं, आक्का. प्रज्ञाच्या गालावर सुरी चालायची की नाही, एवढाच हा प्रश्न नाही. तुझं उभ्या जन्माचं हसू खरं होतं की नव्हतं, हे मला आता कुणाला विचारता येणार नाही.

तुझ्या गालावर ते कसं आलं ते मी पाहिलं म्हणतात, पण मला नीट आठवत नाही. मी फार लहान होते. बहात्तरचा दुष्काळ. बिलोलीच्या रस्त्याला खडी फोडायचं काम निघालं होतं. माय खडी फोडायची, तू तिच्यापुढे दगड आणून टाकायचीस, आणि मला बाभळीच्या सावलीला कामावर वाटलेली सुकडी खायला देऊन बसवलेलं असायचं. सुकडीचा गोड-कोंदट वास मात्र पक्का आठवतो. मायच्या हातोडीखालून एक कपची उडाली आणि तुझ्या डाव्या गालात शिरली. मायने पदर दाबून धरला. कुणी चुना आणला, कुणी हळद. जखम भरली, पण मांस वर आलंच नाही. हरभऱ्याचा दाणा बसेल एवढा खड्डा राहिला.

मायला तो बघवायचा नाही. हातोडी तिची होती ना. कधीतरी तू हसलीस आणि तिच्या लक्षात आलं की हसलं की तो खड्डा आत ओढला जातो आणि थेट खळीसारखा दिसतो. झालं. त्या दिवसापासून मायचा एकच घोष सुरू झाला. "हस गं माझी बाय. हसलीस की कसं देवानं दिल्यावानी दिसतंय." बाबा चिडवायचे, "देव कुठला? मुकादमानं दिलंय." आपलं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं, बाबा असल्या बाबतीत कडक. पण मायपुढे त्यांचं काही चालायचं नाही. पाहुणे आले, हस. शाळेचे गुरुजी आले, हस. बाजारात कुणी ओळखीचं दिसलं की मायचं कोपर तुझ्या कमरेला लागायचं आणि तू हसायचीस. मलाही वाटायचं, आपल्याला का नाही लागली एखादी कपची.

मग स्थळं यायला लागली. देगलूरकडचं ते मास्तराचं स्थळ आठवतं का? अगं, आठवत नसेल कसं. मुलगा बरा होता, त्याचे वडील तर बाबांच्या बरोबरीने चळवळीच्या गोष्टी करत होते. तू पोहे घेऊन आलीस, मायने शिकवल्याप्रमाणे हसलीस, आणि कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या आत्याबाई एकदम सावरून बसल्या.

"हसताना गालात खड्डा पडतोय की हिच्या. असली बाई घराला लाभत न्हाई म्हणतेत."

मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही असलं काही मानत न्हाई." आत्याबाई म्हणाल्या, "तुम्ही नका मानू. पण उद्या काय झालं म्हंजे बोलू नका." बाबांचा चेहरा तांबडा झाला होता. आणि आपली माय, जिने वर्षानुवर्षं ती खळी म्हणून मिरवली, तिने तिथल्या तिथे पलटी मारली. "न्हाई हो, ती खळी न्हाई! दुष्काळात खडीची कपची लागली पोरीला. नुस्ता वण हाय."

आत्याबाईंनी तुला जवळ बोलावून गाल चाचपला. अंगठ्याने दाबूनसुद्धा बघितला. आणि म्हणाल्या, "मग तर खोटच हाय की पोरीत."

खळी म्हणावी तर अवलक्षण, वण म्हणावा तर खोट. ते लोक गेल्यावर बाबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि माय चुलीपुढे बसून रडली. तू मात्र उरलेले पोहे मला वाढलेस आणि स्वतःही खाल्लेस. तेव्हाही तू हसत होतीस. मला ते फार शूरपणाचं वाटलं होतं.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि नव्या कचेऱ्या म्हणजे नोकरी लागलेली पोरं. कालपर्यंत आपल्यासारखंच रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्लेली घरं, पण पोरगा कचेरीत चिकटला की त्यांना सून गोरी पाहिजे, शिकलेली पाहिजे, चेहऱ्यावर डाग नको. नवरदेवांचा भाव तुरीच्या वर गेला होता. म्हणून भाऊजींचं स्थळ आलं तेव्हा मायने तुला आठ दिवस दुधाची साय चोळली. भाऊजी नव्या कलेक्टर कचेरीत क्लार्क. बारीक मिशी, तेल लावलेले केस. सगळं बोलून झाल्यावर मोठी माणसं त्यांना म्हणाली, तुला काही विचारायचं का? त्यांनी तुझ्या गालाकडे बोट केलं. "हे काय हाय? खळी हाय का वण?"

माय बाबांकडे बघायला लागली. आता काय सांगावं, तिला कळेना. आणि तू मान वर करून म्हणालीस, "तुमच्या घरात जे चालतंय ते समजा."

भाऊजी हसले. मी दाराआड होते, मला अजून तो आवाज आठवतो. जाताना ते बाबांना म्हणाले की पोरगी पसंत आहे. मायने त्यांच्या घरी 'खळी' सांगून टाकलं, कारण भाऊजींकडे आत्याबाई नव्हत्या.

लातुरात तू खळीवाली वहिनी झालीस. कचेरीच्या कॉलनीत, महिला मंडळात, नळावर, भाजीच्या गाड्यावर. मी डी.एड.ला तुझ्याकडे राहिले तेव्हा तुझ्याबरोबर बाजारात जायला मला अभिमान वाटायचा. कोथिंबीरवाली जुडीवर चार काड्या जास्तीच्या टाकायची तुझ्यासाठी. तू मला शिकवलंस, आक्का. माझी फी, माझ्या साड्या, परीक्षेच्या दिवसांत पहाटे माझ्यासाठी केलेला चहा. मास्तरीण झाले ती तुझ्या जिवावर, आणि हे तुला नीट तोंडावर कधी बोलले नाही. बोलायला गेले की तू हसून विषय उडवायचीस.

त्या दिवसांतली एक दुपार मला सारखी आठवून राहिली आहे. मी अभ्यास करता करता झोपले होते. जाग आली तर तू समोर भिंतीला टेकून बसलेली, सुपात तुरीची डाळ, खडे निवडत होतीस. तुला माहीत नव्हतं की मी जागी आहे. तुझा चेहरा मी तोवर तसा कधी पाहिलाच नव्हता. ओठ मिटलेले, गाल सैल, भुवया जरा खाली. गालावर खळी नव्हती, साधा खड्डा होता, कडेने किंचित काळपट. रागावल्यासारखी नव्हतीस आणि दुःखीही नव्हतीस. दुसरीच बाई बसली होती. मी घाबरून म्हटलं, "आक्का, काय झालं?"

आणि तू लगेच हसलीस. "कुठं काय?"

मी विचारलं नसतं तर किती वेळ बसली असतीस तशी?

पुढे लातुरात त्वचेच्या डॉक्टरांच्या पाट्या लागायला लागल्या. कोचिंग क्लासच्या पाट्यांखाली वांग, डाग, खड्डे यांच्या पाट्या. माझ्या हातावरच्या चट्ट्यासाठी आपण एकीकडे गेलो होतो. त्या तरुण डॉक्टरने माझा हात बघितला आणि मग तुझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, हा तुमचा खड्डा भरून देता येईल. आत चिकटलेलं सोडवायचं आणि भरायचं. कळणारसुद्धा नाही." तू त्याला विचार करते म्हणालीस. खाली येऊन आपण उसाचा रस प्यायलो. मी म्हटलं, काय हरकत आहे, आता आपल्याकडे पैसे आहेत. तू ग्लास धुवायला देत म्हणालीस, "भरला तर एवढं हसून ठेवलंय त्याचं काय करू?"

मी खो खो हसले. तुझं बोलणं म्हणून शाळेतल्या बायकांना सांगितलंही. आता तेच वाक्य उलटं-पालटं करून बघत बसते.

प्रज्ञाचं म्हणशील तर तिच्या डोक्यात हे भरवलं कुणी? आपण सगळ्यांनी. पाळण्यात होती तेव्हापासून जो येईल तो म्हणायचा, "पोरगी मावशीवर गेली. नाक तेच, कपाळ तेच. फक्त खळी राहिली." लग्नात, बारशात, कुणाच्या घरभरणीला गेलं तरी तेच. पोरीने आरशात स्वतःला किती वेळा बघितलं असेल आणि तेवढा एक उरलेला 'फक्त' शोधला असेल. मी तिला विचारलं, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याने सांगितलं का? म्हणाली, त्याचं काही म्हणणं नाही, मला हवी आहे. मी म्हटलं, अगं, मावशीची ती खळी नाहीच, दुष्काळातली जखम आहे. तर शांतपणे म्हणाली, "माहीत आहे, आई. मावशीनेच सांगितलंय. आतून टाका घालतात, कातडी आणि आतला स्नायू एकमेकांना चिकटवतात. तिच्या गालात दगडाने तेच केलं. तिला दगडाने दिली, मला डॉक्टर देईल."

मी शाळेत विज्ञान शिकवते, आक्का, आणि तिचं विज्ञान बरोबर होतं.

मग तू गेलीस. भाऊजी रिटायर झाल्यावर तुम्ही शिरूरला राहायला आलात, तरी तुला आंघोळ घालायला कॉलनीतल्या जुन्या बायका लातूरहून आल्या होत्या. तुला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या. तुझं तोंड पुसता पुसता एकजण थांबली आणि हळूच म्हणाली, "आगं, हे तर लागल्याचं दिसतंय." बाकीच्या वाकून बघायला लागल्या. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि स्वतः पुसलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की यांना खळी दिसत राहावी म्हणून तू किती काम केलं असशील. बाईची झाडलोट, स्वयंपाक लोकांना दिसतो. हे काम कुणाला दिसलं?

जलदान विधीसाठी तुझा फोटो पाहिजे होता. भाऊजींनी कपाटातले अल्बम काढले, मी मोबाइल शोधले. मला उगाच वाटत होतं की गंभीर चेहऱ्याचा एखादा असावा, पांढऱ्या फुलांच्या हारात शोभेल असा. एकही नाही, आक्का! लग्नात हसतेस, शेतात हसतेस, दवाखान्याच्या खाटेवर सलाइन लावून हसतेस. मतदान कार्डावर भले भले चोर दिसतात, तू तिथेही हसतेस. मी वैतागून म्हटलं, "भाऊजी, ही कधी गप्प बसायची की नाही?"

भाऊजी अल्बमची पानं उलटत होते. म्हणाले, "बसायची की. पाहुणे गेले की दाराला कडी लावायची आन पंख्याखाली बसायची. तोंड उतरून. पहिल्यांदा मला वाटायचं, माझं काय चुकलं का. इचारलं तर म्हणायची, काय न्हाई, गाल दुखून राहिला. मग मी इचारायचं सोडून दिलं. मी पेपर वाचायचो, ती बसायची."

मला हेवा वाटला, खरं सांगते. मी तुझ्याकडे दोन वर्षं राहिले, तुझं मीठ खाल्लं, आणि माझ्यासमोर तू कडी लावली नाहीस. मीही तुझ्या लेखी पाहुणीच होते का? का मी मायची लेक होते म्हणून माझ्यासमोर मायचा हुकूम मोडवत नव्हता? पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, असो. एका माणसाजवळ तरी तुझा गाल दुखायचा थांबत होता. भाऊजींचे मी कधी आभार मानले नव्हते, दुसऱ्या दिवशी त्यांच्या चहात आलं घालून मानले.

तरी माझा प्रश्न सुटलाच नाही. एवढा गाल दुखत होता तर 'करू दे' का म्हणालीस? कधी वाटायचं, तुला पोरीचं मन मोडायचं नसेल. कधी वाटायचं, तुझ्या जखमेला कुणीतरी सुंदर म्हणून मागतंय, याचं तुला बरं वाटलं असेल, आणि का वाटू नये? एकदा तर असंही मनात आलं की तू कंटाळून बोललीस, चौकशी-हापीस बंद करायला. प्रत्येक उत्तर थोडा वेळ पटायचं आणि मग गळून पडायचं.

येळवशीला प्रज्ञाही आली. सुट्टी घेऊन, न सांगता. आपल्या बिलोलीकडे या सणाचं एवढं कौतुक नाही, पण इकडे लातूरकडे सगळं गाव शेतात असतं, हे तूच आम्हाला लावलंस. भाऊजींनी दरवर्षीसारखी पेंढ्या टेकवून कडब्याची कोप उभी केली होती. तू नाहीस म्हणून करायचं नव्हतं त्यांना, पण शेजारचे अप्पा म्हणाले, "वैनीनं बोलावलेली माणसं हायती, कोप पाहिजेच." पूजा अप्पांच्या शेतात, ताकाची आंबील तुझ्या, असा तुमचा जुना करार. भज्जी, ती सगळ्या शेंगा-पालेभाज्यांची मिसळ, मी केली. तुझ्यासारखी झाली नाही, चिंच कमी पडली. प्रज्ञाने सकाळी तुझ्या ट्रंकेतली फिकी हिरवी इरकली काढून नेसली होती आणि उन्हासाठी पदर डोक्यावर घेतला होता.

जेवणं झाल्यावर भाऊजी बांधावरून चक्कर मारायला गेले. आम्ही मायलेकी कोपीच्या सावलीला बसलो. बरेच दिवस आम्ही त्या विषयावर बोललो नव्हतो. मग प्रज्ञाच म्हणाली, "आई, मावशीशी माझं शेवटचं बोलणं झालं ते तुला सांगायचंय." तू तिला ऑपरेशनचं सगळं खोदून विचारलंस म्हणे. टाका कुठं घालतेत, दुखतंय का, जेवता येतंय का. आणि मग विचारलंस, "हसल्याबिगर बी दिसंल का ती?"

प्रज्ञाने सांगितलं की पहिले काही आठवडे सतत दिसते. न हसताही. टाका विरघळला की मग फक्त हसल्यावर.

त्यावर तू म्हणालीस, "मग तेवढे दिवस माझ्याकडं येऊन ऱ्हा. दोघी बिनहसता बसू."

"मला वाटलं, मावशी गंमत करतेय," प्रज्ञा म्हणाली. "मी हसले. पण ती नाही हसली, आई. ती वाट बघत होती, मी हो म्हणायची."

"मग?"

"मी म्हटलं, बघू."

हरभऱ्यावरून वारा येत होता. तर हे सांगणार होतीस तू मला इथे बसवून? तिच्या गालाशी तुला काही देणंघेणं नव्हतं. तुला कुणीतरी सोबत बसायला पाहिजे होतं. ते तू माझ्याकडे न मागता माझ्या लेकीकडे मागितलंस, आणि मला त्याचा राग आला नाही, याचं मलाच नवल वाटतंय.

तेवढ्यात अप्पा आले, हातात मोबाइल. येळवशीला त्यांना सगळ्यांचे फोटो काढायची हौस. "हं, बसा नीट. हसा जरा."

प्रज्ञा म्हणाली, "आज नको, अप्पा. आज असेच काढा."

अप्पा गोंधळले, पण काढले. एक आमचा दोघींचा, एक तिचा एकटीचा. तिला पाठवले आणि पुढच्या कोपीकडे गेले. भाऊजी परत आले तेव्हा प्रज्ञाचा फोन चटईवर पडला होता, फोटो उघडाच. भाऊजींचा चष्मा घरी राहिलेला. त्यांनी फोन उचलला, हात लांब करून उन्हात धरला आणि बघतच राहिले.

"ह्यो कवाचा?" ते म्हणाले. "हिचा असा फोटो तर आपल्याकडं न्हाई. हिनं कुणाला काढू दिला?"

मी वाकून बघितलं. फिकी हिरवी इरकली, डोक्यावर पदर. ओठ मिटलेले, गाल सैल, भुवया जरा खाली. तुरीची डाळ निवडणारी ती दुपारची बाई. फोन लांब होता, गालावर खड्डा आहे की नाही ते तेवढ्यावरून कळतही नव्हतं.

प्रज्ञा म्हणाली, "काका, ती मी आहे."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे. "बरं," म्हणाले, आणि फोन परत न देता तसाच हातात धरून चटईवर टेकले.

डॉक्टरकडची तारीख अजून तशीच आहे, आक्का. तिने ती रद्द केलेली नाही आणि मीही तसं सांगितलेलं नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही तिघं कोपीच्या सावलीला बसलो होतो. कुणी हसलं नाही, आणि कुणी कुणाला काय झालं म्हणून विचारलं नाही.